दाजीपूरचा गवा : कळपातील जीवन आणि रानातील टिकाव

राधानगरी, भुदरगड, गगनबावडा, शाहूवाडी, आजरा व चंदगड या तालुक्यांतील रानालगतच्या कोणत्याही प्राथमिक शाळेत "गवा कोणी पाहिला आहे?" असे विचारले, तर चारदोन हात तरी वर होतात. तो कसा असतो, असे पुढे विचारले की बहुधा दोन उत्तरे येतात. एक, "रेड्यासारखा", दुसरे, "माणसाला मारतो". पहिल्या उत्तरात नात्याची चूक आहे आणि दुसऱ्यात स्वभावाची. जिल्ह्याच्या पश्चिम भागातील शिक्षकाला ही दोन्ही उत्तरे दुरुस्त करता आली पाहिजेत. कारण गव्याविषयीचे अज्ञान येथे केवळ परीक्षेतील गुणांपुरते राहत नाही, त्यापायी माणसांचे व जनावरांचे जीव गेलेले आहेत.

'गवारेडा' हा शब्द आपल्याकडे रूढ आहे. तो बोलण्यातून काढून टाकण्याचा आग्रह धरण्याचे कारण नाही. परंतु गवा हा रेडा नव्हे, एवढे विद्यार्थ्यांस सांगावे. प्राणिशास्त्रात गाय, बैल आणि गवा यांची गणना 'बॉस' या एकाच प्रजातीत होते. म्हैस व रेडा यांची प्रजाती निराळी आहे. अरुणाचल प्रदेश व नागालँड येथील लोक जो मिथुन पाळतात, तो गव्याचाच माणसाळलेला भाऊबंद होय. इंग्रज शिकाऱ्यांनी गव्याला 'बायसन' म्हटले व ते नाव अजून पाट्यांवर आढळते. खरे बायसन अमेरिकेत व युरोपात राहतात. ज्या मुलाच्या घरी गोठा आहे, त्याला गव्याचा निम्मा धडा आधीच ठाऊक असतो. तीच दुभंगलेली खुरे, तेच रवंथ, वासराभोवती फिरणारी तीच गाय.

फरक आहे तो आकाराचा व रंगाचा. पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी ५.५ ते ६ फूट उंच भरतो व त्याचे वजन ७०० ते १,००० किलोपर्यंत जाते. आपल्या बैलासारखे वशिंड त्याला नसते. खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत मणक्यांचे काटे लांब असल्यामुळे तेथे एक उंच कणा उठलेला दिसतो व तो पाठीच्या मध्यावर एकदम खाली उतरतो. चारही पायांना गुडघ्याखाली पांढरट मोजे घातल्यासारखे दिसतात आणि दोन शिंगांमधील कपाळ राखी रंगाचे असते. म्हातारा नर जवळजवळ काळा, गायी व तरुण खोंड गडद तपकिरी, तर नुकतेच जन्मलेले वासरू फिकट सोनेरी असते. गायीची शिंगे नराच्या शिंगांहून बारीक व टोकांशी अधिक आत वळलेली असतात. या खुणा नीट समजल्या म्हणजे दूरवरूनही समोरचा कळप वाचता येतो. त्यात वासरे किती, गायी किती, नर आहे की नाही, हे सांगता येते. आणि तेथून कसे दूर व्हावे, हेही त्यावरूनच ठरते.

कळपाची रचना हा या विषयातला सर्वांत मनोरंजक भाग आहे, आणि वर्गात सर्वांत कमी सांगितला जाणाराही तोच. गव्यांचा कळप म्हणजे मुख्यतः गायी, त्यांची वासरे आणि वाढत्या वयाचे खोंड व कालवडी. सामान्यतः एका कळपात ८ ते १२ जनावरे असतात. कोवळे गवत फुटते त्या दिवसांत दोनतीन कळप एकत्र चरतात आणि मग संख्या याहून बरीच मोठी दिसते. कळपाच्या पुढे चालणारी बहुधा एक वयस्क गाय असते. केव्हा उठावे, कोणत्या वाटेने पाण्यावर जावे, धोका दिसल्यास कोणीकडे वळावे, हे ती ठरविते व बाकीचे तिच्यामागून जातात. ताकदीने नर तिच्याहून दीडपट असला तरी वाट त्याला विचारली जात नाही. याचे कारण उघड आहे. उन्हाळ्यात कोणता झरा आटत नाही आणि कोणत्या उतारावर चारा लवकर फुटतो, ही माहिती अनेक वर्षे त्याच रानात वावरलेल्या गायीजवळ असते. कळपातील तरुण जनावरे ती तिच्यामागून चालूनच शिकतात. अशी जाणती गाय अकाली गेली, तर कळपाचे नुकसान एका जनावरापुरते नसते.

कालवड साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वयात येते. गाय सुमारे नऊ महिने गाभण राहते आणि एका वेळी एकच वासरू देते. विण्याच्या सुमारास ती कळपापासून थोडी बाजूला होते, काही दिवस वासराजवळ आडोशाला राहते व मग त्याला घेऊन कळपात परतते. या काही दिवसांत तिच्या वाटेत आलेला माणूस मोठ्या धोक्यात असतो. ती रागीट झालेली नसते; तिला मागे हटण्यास जागा नसते. रानकुत्री, ज्यांना आपल्याकडे कोळसून म्हणतात, आणि बिबटे वासरांवर टपलेले असतात. वाघ तर मोठ्या जनावरालाही मारू शकतो. शत्रू जवळ आल्यास मोठी जनावरे वासरांना मध्ये घेऊन बाहेरच्या बाजूने उभी राहतात. प्रथम इशारा मिळतो तो नाकातून काढलेल्या शिट्टीवजा फुत्काराने. तो ऐकताच चरणारी प्रत्येक मान वर होते.

मोठे नर वर्षाचा बराच काळ कळपात नसतात. तरुण खोंड तीनचारांच्या टोळीने हिंडतात आणि म्हातारे नर पुष्कळदा एकटेच राहतात. माजाचा हंगाम डिसेंबरपासून उन्हाळ्याच्या अखेरपर्यंत चालतो. या काळात नर कळपामागून कळप शोधत दूरवर फिरतात. तेव्हा ते एक लांब, घुमणारा सूर काढतात. शांत सकाळी तो मैलभर ऐकू जातो आणि एवढ्या धिप्पाड जनावराच्या गळ्यातून तो निघत असेल यावर प्रथम ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. दोन नर समोरासमोर आले तरी शिंगाला शिंग क्वचितच लागते. ते एकमेकांस आडवे उभे राहतात, पाठ उंचावतात, मान खाली घालतात व संथ पावले टाकीत आपली पूर्ण उंची दुसऱ्यास दाखवितात. जो लहान ठरतो तो मान फिरवून निघून जातो. बांधावर अचानक गाठ पडलेला गवा आपल्याकडे कुशी करून निश्चल उभा राहिला, तर तो निवांत आहे असे गावकऱ्यांस वाटते. वस्तुतः त्याने आपल्या भाषेत "दूर हो" असे सांगितलेले असते, आणि त्या वेळी हळूहळू मागे सरणे हेच त्याला समजेल असे उत्तर होय.

येथपर्यंतचे वर्णन वाचताना काही शिक्षकांस रानटी घोड्यांच्या कळपांची आठवण होईल. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यापासून दूर, अटलांटिक महासागरात सेबल नावाचे वाळूचे बेट आहे. लांबी सुमारे ४० किलोमीटर, रुंदी मात्र कोठेही फार तर दीड किलोमीटर. अठराव्या शतकात तेथे आणून सोडलेल्या घोड्यांचे वंशज आजही तेथे स्वतंत्रपणे राहतात. अलीकडच्या काळात त्यांची संख्या ५०० च्या आसपास असते. तेथे एकेका घोड्याभोवती काही घोड्या व शिंगरे यांचे कुटुंब असते आणि कुटुंब न मिळालेले तरुण नर निराळ्या टोळ्यांनी हिंडतात. आपल्या गव्यांत नर येतो व जातो, कळप मात्र गायींचा राहतो. घोड्यांत नर वर्षभर कुटुंबाबरोबर असतो. १९६० मध्ये हे घोडे बेटावरून हलवून विकण्याचा बेत ठरला, तेव्हा कॅनडातील शाळकरी मुलांनी पंतप्रधान डीफेनबेकर यांस पत्रे लिहिली, आणि १९६१ मध्ये त्या घोड्यांना कायद्याचे संरक्षण मिळाले. ही हकीकत मुलांस सांगण्यासारखी आहे. पण येथे तिचा उल्लेख आणखी एका कारणाने केला आहे. बेटावरील कळपाला बाहेर जाण्यास वाट नसते व बाहेरून नवे रक्त येत नाही. थंडी कडक पडली की जे मरतात ते तेथेच मरतात; उरलेल्यांतूनच पुन्हा कळप उभा राहावा लागतो. बेट होण्यास भोवती समुद्रच हवा असे मात्र नाही.

नकाशावर दाजीपूरचे रान पाहावे. एका बाजूस भोगावतीवरील राधानगरीचा लक्ष्मी तलाव, दुसरीकडे दूधगंगेवरील काळम्मावाडीचा जलाशय, पश्चिमेस कोकणात उतरणारे तुटलेले कडे आणि पूर्वेस खोऱ्यांतील भात व ऊस. मधून फोंडा घाटाकडे जाणारा रहदारीचा रस्ता. कोल्हापूर संस्थानच्या काळात हे राखीव शिकारीचे रान होते. १९५८ मध्ये, द्विभाषिक मुंबई राज्याच्या काळात, ते खास गव्यांकरिता अभयारण्य म्हणून जाहीर झाले. आजच्या महाराष्ट्रातील अगदी आरंभीच्या अभयारण्यांत त्याची गणना होते. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन राधानगरी वन्यजीव अभयारण्य झाले व क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर झाले. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील जी स्थळे जागतिक वारसा ठरली त्यांत राधानगरीचाही समावेश आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात गवा पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे त्याला मारणे हा अत्यंत गंभीर गुन्हा आहे.

या रानात दाट झाडी व कारवीच्या जाळ्या यांच्यामध्ये सपाट खडकाळ सडे आहेत. सावराईचा सडा त्यांपैकी प्रसिद्ध. पावसाळ्यात सड्यांवर गवत दाटते, पुढे ऊन वाढले की ते वाळते. तेव्हा गवे झाडपाला, बांबूचे कोंब, प्रसंगी झाडाची साल यांवर भागवितात, दुपारी सावलीत रवंथ करतात व रोज पाण्यावर येतात. घाटमाथ्यावरील धोधो पावसाने मातीतील क्षार धुऊन जातात, म्हणून मिठाची त्यांस मोठी ओढ असते. क्षारयुक्त मातीच्या जागा ते शोधून काढतात व चाटतात. चारा, पाणी, सावली आणि चाटण या चारही गोष्टी एकाच ठिकाणी बारा महिने मिळत नाहीत. म्हणून कळप फिरता असतो. फिरणे हा त्याचा छंद नव्हे, पोटाचा व्यवहार आहे.

ही फिरण्याची वाट तुटली तर काय होते, याचे उदाहरण मध्य प्रदेशात आहे. बांधवगडच्या रानात पूर्वी गवे होते. ऋतुमानाप्रमाणे ते आसपासच्या जंगलांत जात व परत येत. मधल्या जमिनी वस्ती व शेतीखाली गेल्या, संख्या घटत गेली आणि १९९८ च्या सुमारास तेथील गवा नाहीसा झाला. त्या रानात वाघ होते, चारा होता, पहारा होता. गवा तेवढा नव्हता. अखेर २०११ मध्ये कान्हा येथून १९ गवे मोटारींतून आणून सोडावे लागले व पुढच्या वर्षी आणखी आणून ही संख्या ५० करण्यात आली. कळप तेथे पुन्हा वाढला. परंतु जे काम गव्यांचे पाय फुकट करीत होते, ते करण्यास सरकारला डॉक्टर, भुलीची औषधे व खास गाड्या लागल्या.

दुसरा धोका गोठ्यातून येतो. गवा गायीचा नातलग असल्यामुळे गुरांचे रोग त्याला होतात. १९६८ मध्ये कर्नाटक-तमिळनाडू सीमेवरील बंदीपूर व मुदुमलाईच्या रानांत बुळकांडीची साथ शिरली तेव्हा गवे मोठ्या संख्येने मेले. बुळकांडी आता इतिहासजमा झाली आहे. भारतात तिचा शेवटचा रोगी १९९५ मध्ये आढळला आणि २०११ मध्ये ती जगातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. लाळ्या-खुरकूत मात्र अद्याप आहे. अभयारण्याच्या कडेच्या गावांत व धनगरवाड्यांवर गुरांना वेळेवर लस टोचली जाते तेव्हा गोठ्याबरोबर रानही राखले जाते. पशुवैद्यकीय दवाखान्याचे हे काम गव्यांच्या संरक्षणात क्वचितच मोजले जाते, हे ठीक नाही.

आता शेतकऱ्याची बाजू. ती वर्गात वगळू नये. कारण त्या वर्गातील निम्म्या मुलांच्या घरचा ऊस किंवा भात गव्यांनी तुडविलेला असतो. रात्रीच्या दोनतीन तासांत कळप एखाद्या फडाची जी दशा करतो ती सोसणाऱ्याला वन्यजीवांचे महत्त्व सांगत बसणे सोपे नाही, आणि नुसते सांगून भागतही नाही. उसाचा फड गव्याला एकाच वेळी चारा व आडोसा देतो. रानात वणवा लागला किंवा पाणवठे आटले म्हणजे तो इकडे वळतो; एकदा चव लागलेली जनावरे रान हिरवे असतानाही येतात, हेही मान्य केले पाहिजे. नुकसान झाल्यास शासनाकडून भरपाई मिळते. त्यासाठी तीन दिवसांच्या आत जवळच्या वनरक्षकाकडे किंवा वनपालाकडे अर्ज जावा लागतो व पंचनामा व्हावा लागतो. अर्ज कसा लिहावा हे चौथी-पाचवीच्या मुलास शिकविता येते. पत्रलेखनाच्या तासाला काल्पनिक मामाला पत्र लिहून घेण्यापेक्षा हा अर्ज लिहून घेणे अधिक उपयोगी ठरेल.

एकटा गवा गावापर्यंत किंवा शहरापर्यंत येतो, त्याचा उलगडा मागे सांगितलेल्या कळपाच्या रचनेत आहे. असा भटका बहुधा नर असतो. तो नवे रान किंवा नवा कळप शोधत निघालेला असतो, नद्यांच्या काठाने व उसाच्या आडोशाने पुढे सरकत जातो आणि उजाडल्यावर चहूकडे माणसे पाहून गोंधळतो. ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्याच्या कोथरूड भागात असा एक गवा शिरला. बघ्यांची गर्दी जमली, पाठलाग झाला, तो भिंतीवरून व रस्त्यांवरून तासन्‌तास धावत राहिला. अखेर भूल देऊन त्यास पकडले, पण धावपळीचा व भीतीचा ताण त्याला सोसला नाही व तो मेला. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०२१ मध्ये, गवे कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत आले. त्या दिवसांत करवीर तालुक्यात एका तरुणाचा गव्याच्या हल्ल्यात मृत्यू झाला. पुण्यात जनावर गेले, येथे माणूस गेला. परके गाव आणि बावचळलेले जनावर दोन्हीकडे होते. हजार किलोचे जनावर घाबरले म्हणजे त्याच्या समोर जे येईल ते आडवे होते. मोबाईलवर चित्र टिपण्यासाठी त्याच्यामागे धावणे यात धाडस नाही, अविचार आहे. मोठी माणसे तो करीत असताना मुलांनी करू नये असे सांगणे शिक्षकाला अवघड जाते, तरी सांगितले पाहिजे.

मुलांस सांगावयाच्या गोष्टी थोड्या आहेत. गवा दिसल्यास आरडाओरडा करू नये, दगड मारू नये, कुत्रे सोडू नये. त्याची निघून जाण्याची वाट मोकळी ठेवावी व आपण मागे सरावे. वासरू दिसले तर गाय जवळच आहे असे धरून चालावे. सकाळी लवकर व तिन्हीसांजेला उसाच्या कडेने एकट्याने शाळेत ये-जा करू नये. चारपाच मुलांनी बोलत बोलत यावे, म्हणजे गव्याला माणूस आल्याचे आधी कळते व तो बाजूस होतो. वन विभागाचा १९२६ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक शाळेच्या फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहून ठेवावा.

राधानगरीच्या रानाला बेट होऊ न देण्याचे प्रयत्न अलीकडे सुरू झाले आहेत. उत्तरेस चांदोली व कोयना मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या व राधानगरीच्या मधील विशाळगड, पन्हाळा व गगनबावडा आणि दक्षिणेस आजरा-भुदरगड व चंदगड या भागांतील वनक्षेत्रे 'संवर्धन राखीव' म्हणून जाहीर करण्यात आली आहेत. ही सर्व क्षेत्रे नकाशावर एकाच रंगात रंगविली तर चांदोलीपासून तिलारीकडे जाणारी एक तुटक हिरवी रेघ दिसू लागते. भूगोलाच्या तासाला तालुक्याचा नकाशा काढून घेताना प्रत्येक शाळेने या रेघेचा आपल्या गावाजवळचा तुकडा त्यात दाखवावा व गव्यांच्या नेहमीच्या ओलांडण्याच्या जागा गावातील जुन्या गुराख्यांना विचारून त्यावर खूण करावी. गुराख्यांना त्या जागा ठाऊक असतात. कोणत्या ओढ्याशी खुरांचे ठसे उमटतात, कोणत्या महिन्यात कळप वर जातो, कोणत्या बांधाला दरवर्षी खिंडार पडते, हे सारे त्यांच्याजवळ तोंडी असते. एक वर्षाचे टिपण तारखांसह वहीत उतरले, तर ते वनरक्षकाच्याही उपयोगी पडेल. वहीत तारीख, जागा, दिसलेल्या जनावरांची संख्या, त्यांत सोनेरी वासरे किती आणि कळप कोणत्या दिशेस गेला, एवढेच रकाने पुरेत.